न झालेल्या आजाराचा हिशेब

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये या 2,600 कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत निर्वात पोकळी आणि त्या पोकळीतून ये-जा करणारा लेझर. अब्जावधी वर्षांपूर्वी कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली. त्यातून उठलेल्या गुरुत्वीय लहरीने आज या नळीची लांबी प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या हिश्शाएवढी तरी हलली का, हे इथे मोजलं जाणार. सोयाबीन आणि हळदीच्या जिल्ह्यात हे घडणार, या कल्पनेनेच हरखून जायला होतं.

डोळ्यांना न दिसणारं मोजण्याचं दुसरंही एक काम आहे. त्यासाठी लागते एक वही, एक पेन आणि पराकोटीची चिकाटी.

सकाळी ठरलेल्या वेळी एक सिस्टर रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात शिरते. एकेका खाटेशी थांबत ती मोजते: आज किती पेशंटना लघवीची नळी आहे, किती जणांच्या मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन आहे, किती जण व्हेंटिलेटरवर आहेत. ती सलाइन बदलत नाही, इंजेक्शन देत नाही. लघवीची पिशवी फरशीला टेकली आहे का बघते, ड्रेसिंगवरची तारीख वाचते, आकडा लिहिते आणि पुढे सरकते. ही इन्फेक्शन कंट्रोल नर्स. रुग्णालयाच्या भाषेत आयसीएन सिस्टर. पेशंट दाखल होताना जो आजार त्याला नव्हता, तो रुग्णालयात राहून त्याला लागू नये, एवढ्यासाठी तिची नेमणूक असते. तिच्या जोडीला सूक्ष्मजीवशास्त्राचे डॉक्टर असतात. आणि ज्या छोट्या रुग्णालयांना असा पूर्णवेळ माणूस परवडत नाही, त्यांच्याकडे अधूनमधून येऊन सगळी घडी बसवून देणारा संसर्ग प्रतिबंध सल्लागार असतो. आरोग्यसेवेतलं हे करिअर आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही. मला मात्र या क्षेत्रातलं हे सगळ्यात थक्क करणारं काम वाटतं.

या लोकांची गाठ कोणाशी आहे ते आधी पाहू. ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा साधा जिवाणू. मनासारखी ऊब आणि खाद्य मिळालं तर तो वीस मिनिटांत एकाचा दोन होतो. रात्रपाळीचे आठ तास धरले तर चोवीस वेळा दुप्पट. संध्याकाळी एक असलेला जंतू सकाळी 1 कोटी 67 लाखांवर गेलेला असतो. अतिदक्षता विभागांना छळणारा असिनेटोबॅक्टर तर खाटेच्या कोरड्या कठड्यावर महिनोन् महिने तग धरू शकतो. पेशंट घरी जातो, चादर बदलते, नवा पेशंट येतो आणि हा तिथेच असतो. पण त्याला एक मोठी अडचण आहे. त्याला पाय नाहीत. कठड्यावरून पेशंटच्या शिरेपर्यंतचं हातभर अंतर त्याला एकट्याला ओलांडता येत नाही. तिथे त्याला कोणीतरी न्यावं लागतं, आणि बहुतेक वेळा तो माणसाच्या हातावर बसून जातो. आयसीएन सिस्टर हाच प्रवास शोधत असते.

शोधताना पहिला प्रश्न येतो, संसर्ग घरून आला की इथे लागला? यासाठी जगभर एक साधारण नियम आहे. दाखल झाल्यानंतर 48 तास उलटून गेल्यावर जो संसर्ग डोकं वर काढतो आणि दाखल होताना शरीरात मुरतही नव्हता, तो रुग्णालयाच्या खात्यावर. म्हणजे ताप कधी आला याची नेमकी वेळ लागते, आणि ती नोंदींमध्ये सापडावी लागते. केसपेपर नीट लिहिलेला नसेल तर ही चौकशी तिथेच संपते.

चौकशीची ही पद्धत ज्याने पूर्ण तडीस नेली, तो व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात काम करणारा इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर. तिथे बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. एक दिवस भरती पहिल्या विभागात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यात. 1846 साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीनसुद्धा नाहीत. शहरातल्या बायकांना हे कळलं होतं. पहिल्या विभागात टाकू नका म्हणून त्या गयावया करत. काही जणी वाटेत, रस्त्यावरच बाळंत होत, आणि नवल म्हणजे त्यांच्यात हा सूतिकाज्वर कमी आढळे.

सेमेलवाइसने एकेक कारण घेऊन तपासलं. गर्दी म्हणावी तर दुसऱ्या विभागात जास्त होती. हवा दोन्हीकडे सारखीच. मरणाऱ्या बाईसाठी धर्मगुरू घंटा वाजवत पहिल्या विभागातून जात असे, त्या भीतीने बायका खचतात असं कोणी म्हणालं. त्याने घंटा बंद करवली. फरक पडला नाही. मार्च 1847 मध्ये त्याचा स्नेही प्रोफेसर कोलेच्का शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून वारला. त्याच्या शवविच्छेदनाचा अहवाल सेमेलवाइसने वाचला आणि त्याला दिसलं की या पुरुषाच्या शरीरात अगदी तेच झालं आहे, जे बाळंतिणींच्या शरीरात होतं. मग दोन विभागांतला फरक उघडा पडला. विद्यार्थी सकाळी शवागारात काम करून तसेच बाळंतिणींना तपासायला येत. सुइणी शवविच्छेदन करत नव्हत्या.

मेच्या मध्यात त्याने फर्मान काढलं की शवागारातून येणाऱ्या प्रत्येकाने क्लोरीनच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय बाईला हात लावायचा नाही. एप्रिलमध्ये पहिल्या विभागातलं मृत्यूचं प्रमाण 18.3 टक्के होतं. जूनमध्ये ते 2.2 झालं, जुलैमध्ये 1.2. पुढच्या वर्षी दोन महिने असे आले की त्या विभागात या तापाने एकही बाई गेली नाही. जंतूंमुळे रोग होतो हे तेव्हा सर्वमान्य नव्हतं, पाश्चरचं आणि कॉखचं काम पुढचं. कारण न कळताही नुसत्या नोंदवहीच्या बळावर या माणसाने मृत्यूची वाट अडवली. थोरामोठ्या डॉक्टरांना मात्र आपलेच हात अपराधी आहेत हे रुचलं नाही. त्याची नोकरी टिकली नाही, त्याला वेड्यांच्या रुग्णालयात टाकलं गेलं आणि ऑगस्ट 1865 मध्ये जखम चिघळून रक्तात विष भिनल्याने तो गेला. ज्या मृत्यूपासून त्याने शेकडो बायकांना वाचवलं, त्याच मृत्यूने.

क्लोरीनचं द्रावण महाग पडतं म्हणून सेमेलवाइस लवकरच एका स्वस्त पावडरीकडे वळला होता, क्लोरिनेटेड लाइमकडे. आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ती असते. पावसाळ्यात विहिरीत आणि पाण्याच्या टाकीत टाकायला पाणीपुरवठा कर्मचारी जी टीसीएल पावडर आणतो, ती तीच ब्लीचिंग पावडर. व्हिएन्नातलं शस्त्र हिंगोलीतल्या कळमनुरी-सेनगावच्या गावागावांतल्या टाकीवर पोहोचलेलं आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रक्त सांडलेल्या जागेवर रुग्णालयात आजही त्याच कुळातलं एक टक्का हायपोक्लोराइटचं द्रावण ओततात. ते रोज ताजं करावं लागतं, कारण उघडं ठेवलं की त्याचा दम निघून जातो. आदल्या दिवशीची बादली वापरली तर वास येईल, पण जंतू मरायची खात्री नाही.

सेमेलवाइसनंतर शंभर वर्षांनीसुद्धा हे काम कोणाची स्वतंत्र नोकरी नव्हती. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसने 1950च्या दशकात रुग्णालयांमध्ये धुमाकूळ घातला तेव्हा इंग्लंडमधल्या टॉर्की इथे डॉ. ब्रेंडन मूर यांनी 1959 साली मिस कॉट्रेल या सिस्टरला फक्त संसर्गावर नजर ठेवण्यासाठी नेमलं. जगातली पहिली इन्फेक्शन कंट्रोल नर्स ती. पुढे अमेरिकेत शेकडो रुग्णालयांचा मोठा अभ्यास झाला आणि 1985 साली त्याचे निष्कर्ष आले. जिथे संसर्गाची पद्धतशीर मोजणी होते, अडवणुकीचे उपाय होतात आणि दर 250 खाटांमागे निदान एक प्रशिक्षित माणूस असतो, तिथे रुग्णालयात लागणारे साधारण एक तृतीयांश संसर्ग टळतात. एका पगारात एवढं देणारी दुसरी नेमणूक रुग्णालयात क्वचितच असेल.

आता सकाळच्या त्या आकड्यांकडे परत येऊ. नुसतं 'या महिन्यात दोघांना लघवीचा संसर्ग झाला' म्हणून काही कळत नाही. चार खाटांच्या विभागात दोन हा आकडा भयंकर, चाळीस खाटांत कदाचित बरा. म्हणून नळीचे दिवस मोजतात. सात पेशंटना आज नळी आहे, तर आजचे सात नळी-दिवस. महिन्याचे मिळून समजा 200 झाले आणि संसर्ग दोन झाले, तर दर हजार नळी-दिवसांमागे दहा. हा दर पुढच्या महिन्यात नऊ झाला की चार, यावर सगळा खेळ. याच मापाने हिंगोलीची तुलना नांदेडशी करता येते, नांदेडची मुंबईशी आणि मुंबईची जिनिव्हाशी. आणि दोन दरांमधली जी घट, तो न झालेल्या आजाराचा आकडा. ज्या माणसाला ताप आलाच नाही, त्याचं नाव कोणत्याही केसपेपरवर नसतं. पण तो या वहीत मोजला जातो.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात 2003 नंतर शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी सेंट्रल लाइन घालताना पाच साध्या गोष्टी ठरवून केल्या: हात धुणं, क्लोरहेक्सिडीनने कातडी साफ करणं, पेशंटला पूर्ण निर्जंतुक चादरीखाली झाकणं, शक्यतो मांडीतली शीर टाळणं आणि गरज संपताच लाइन काढणं. यात नवीन काहीच नव्हतं. तीन महिन्यांत निम्म्याहून अधिक विभागांचा दर शून्यावर आला. पण त्या पाच गोष्टींबरोबर सहावी होती, आणि ती माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. पायरी चुकली तर नर्सने डॉक्टरला थांबवायचं, हा तिला दिलेला अधिकार.

रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरजवळ ऑटोक्लेव्ह असतो. ऑपरेशनची हत्यारं त्यात दाबाखालच्या वाफेने 121 अंश सेल्सियसवर किमान पंधरा मिनिटं राहतात. गाठोड्यावर चिकटपट्टी असते, तिच्यावरच्या फिकट रेघा बाहेर येताना काळ्या होतात. पुष्कळ जण रेघा काळ्या दिसल्या की हत्यारं निर्जंतुक झाली असं समजतात. पण ती पट्टी सांगते एवढंच की गाठोडं बाहेरून तापलं. आतल्या चिमट्याच्या खाचेपर्यंत वाफ पोहोचली का, हे कसं कळणार?

त्यासाठी साक्षीदार म्हणून चक्क एका जंतूलाच आत पाठवतात. त्याचं नाव जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस. हा उष्णतेचा शौकीन. 55-60 अंशांवर, जिथे आपला हात भाजेल, तिथे तो आरामात वाढतो. परिस्थिती बिघडली की तो स्वतःभोवती कठीण कवच करून बीजाणू होतो आणि पावसाची वाट बघणाऱ्या काळ्या रानातल्या बीसारखा पडून राहतो. त्याला मारण्याइतकी वाफ लागली असेल, तर बाकी रोगजंतूंचा प्रश्नच उरत नाही. बोटाएवढ्या एका नळीत असे लाखभर बीजाणू कागदाच्या पट्टीवर असतात आणि शेजारी काचेच्या कुपीत जांभळं पोषकद्रव. ही नळी गाठोड्याच्या मधोमध, वाफ पोहोचायला सगळ्यात अवघड जागी ठेवतात. फेरी संपली की आतली कुपी फोडून नळी उबेत ठेवायची आणि थांबायचं. द्रव जांभळाच राहिला तर बीजाणू मेले. पिवळा झाला तर त्यातला एखादा जगला, खाऊ-पिऊ लागला आणि त्याने आम्ल सोडलं. मग त्या फेरीतली सगळी हत्यारं परत बोलवायची.

याच्या शेजारी आणखी एक नळी ठेवतात, ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली. ती पिवळी व्हायलाच हवी. ती झाली नाही तर बीजाणू मुळात मेलेलेच होते, आणि पहिल्या नळीच्या जांभळ्या रंगाला काही अर्थ उरत नाही. साक्षीदाराचीही साक्ष तपासायची ही सवय मला विज्ञानाचा गाभा वाटते, आणि ती एखाद्या छोट्या रुग्णालयाच्या मागच्या खोलीत, एका टेबलावर, रोजच्या धबडग्यात पाळली जाते.

बीजाणू प्रयोगशाळेतच असतात असं नाही. धनुर्वाताचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. दळलेल्या मसाल्यांतसुद्धा बॅसिलस जातीचे बीजाणू सापडतात, हळदही त्याला अपवाद नाही. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा अभिमान प्रत्येकाला असावा. तिची जागा भाजीत, दुधात, लग्नाच्या मांडवात. बाळाच्या ताज्या नाळेवर मात्र तिला जागा नाही. नाळ कोरडी ठेवायची. तिला हळद, तेल, राख, काहीच लावायचं नाही. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं ब्लेड, स्वच्छ दोरा आणि कोरडी नाळ, एवढ्या साध्या गोष्टी आणि आईला धनुर्वाताची लस, या जोरावर भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात संपल्याचं 2015 साली जाहीर झालं. एकेकाळी हजारो घरांत दुसऱ्या आठवड्यात बाळ आखडून जायचं. आज बहुतेक तरुण आयांनी असं बाळ पाहिलेलंही नसतं.

संसर्ग रोखायला मोठं रुग्णालयच लागतं असं नाही, हे तर महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी आणि जंतुसंसर्ग ओळखून त्यावर उपचार करणं शिकवलं. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, त्याचं मूळ या कामात आहे. बाळाला हात लावण्याआधी ती हात धुते. तिच्या घागरीतलं पाणी संपत आलेलं असलं तरी.

पाण्याचा विषय मराठवाड्यात टाळता येत नाही. हात धुवा म्हणणं सोपं, पण नळ कोरडा असेल तर? एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. म्हणून इथे अल्कोहोलच्या हँडरबचं महत्त्व फार. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची कृती सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे: 80 टक्के इथेनॉल, थोडं ग्लिसरीन, किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उकळून गार केलेलं पाणी. यातलं पेरॉक्साइड हाताच्या जंतूंसाठी नसून बाटलीत चुकून शिरलेल्या बीजाणूंसाठी असतं. हँडरबने वीस-तीस सेकंदांत हात साफ होतात, साबण-पाण्याला चाळीस ते साठ सेकंद लागतात, शिवाय बेसिनपर्यंत जाणं-येणं वेगळं. जिनिव्हात डॉ. दिदिए पिते यांनी हेच हेरलं. नर्स हात धुवत नाहीत कारण त्यांना वेळच उरत नाही. त्यांनी हँडरबची बाटली प्रत्येक खाटेशी ठेवली आणि 1994 ते 1997 या काळात हात स्वच्छ ठेवण्याचं प्रमाण 48 टक्क्यांवरून 66 टक्क्यांवर गेलं. रुग्णालयातले संसर्ग 16.9 टक्क्यांवरून 9.9 वर उतरले. माणसांना दोष देण्याआधी बाटली कुठे ठेवली आहे ते बघा, हा चांगल्या सल्लागाराचा पहिला धडा.

तरी हात हा अवघड अवयव. प्रशिक्षणात एक चमकणारं लोशन हाताला चोळायला देतात, मग हात धुवून जांभळ्या दिव्याखाली धरायला सांगतात. जिथे पाणी पोहोचलं नाही तिथे डाग चमकतात. बहुतेकांचा अंगठा आणि बोटांची टोकं चमकतात, म्हणजे पेशंटला नेमके जे भाग लागतात तेच. अंगठीखाली तर हमखास. मग सिस्टरला सांगावं लागतं, बांगड्या काढा, मनगटावरचा गंडा-दोरा काढा. हिरव्या बांगड्या काढणं म्हणजे काय, हे मराठी बाईला सांगावं लागत नाही. नवस बोलून बांधलेला दोरा कापायला कोणाचं मन धजत नाही. जी सिस्टर हे समजून घेऊन, आवाज न चढवता, "ड्युटीपुरत्या पर्समध्ये ठेवा, घरी जाताना घाला" म्हणते, तिचं ऐकलं जातं. आणि तिला हेच वाक्य कधी तरी वरिष्ठ सर्जनना म्हणावं लागतं. "सर, अंगठी." दोनच शब्द. सेमेलवाइसला जे जमलं नाही, ते या दोन शब्दांत आहे.

एप्रिल 2020 मध्ये हे सगळं जिल्ह्यासमोर उघडं उभं राहिलं. हिंगोलीतल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या गट क्रमांक 12 मधले जवान मालेगाव आणि मुंबईचा बंदोबस्त करून परतले आणि त्यांच्यातले अनेक जण कोरोना पॉझिटिव्ह निघाले. तेव्हा रुग्णालयाच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला एक गोष्ट शिकावी लागली. पीपीई किट घालण्यापेक्षा काढताना धोका जास्त. बाहेरचा भाग दूषित असतो, म्हणून हातमोजे आधी, मास्क अगदी शेवटी आणि तोही खोलीबाहेर आल्यावर. मध्ये प्रत्येक टप्प्याला हात साफ. घामाने निथळलेल्या, थकलेल्या माणसाकडून हा क्रम चुकू नये म्हणून समोर एक जण नुसता बघायला उभा करायचा. तेव्हा खिडक्यांचीही किंमत कळली. पेरूच्या लिमा शहरातल्या, 2007 साली छापून आलेल्या अभ्यासात उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांनी, खिडक्या-दारं उघडल्यावर, यंत्राने हवा खेळवणाऱ्या नव्या खोल्यांना मागे टाकलं होतं. क्षयरोगाच्या जिल्ह्या-जिल्ह्यातल्या लढाईत हे फुकटचं औषध आहे.

या कामात शिरायचं कसं? जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग, मग काही वर्षं वॉर्डाचा, शक्यतो अतिदक्षता विभागाचा अनुभव, आणि त्यावर संसर्ग नियंत्रणाचं प्रशिक्षण, हा नर्सिंगचा रस्ता. एमबीबीएसनंतर सूक्ष्मजीवशास्त्रात एमडी हा डॉक्टरांचा. पुढे सीआयसी नावाची आंतरराष्ट्रीय परीक्षा देता येते. हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024-25 पासून 100 जागांवर सुरू झालं, आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आलाच. सल्लागाराचा दिवस कागदांत कमी आणि पायांवर जास्त जातो. बेसिन कुठे आहे, पिवळ्या पिशवीत लाल पिशवीतला प्लास्टिकचा कचरा पडतोय का, सुई टोपण न लावता थेट पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात जाते का, कचरा 48 तासांच्या आत उचलला जातो का, सफाई करणाऱ्या मावशींना हेपॅटायटिस बीची लस दिली का. दूषित सुई टोचली तर लस न घेतलेल्या शंभरांतल्या तीस जणांपर्यंत या विषाणूची लागण होऊ शकते, एचआयव्हीची हजारात तिघांना. लस स्वस्त आहे आणि मावशींचं नाव यादीत नेहमी शेवटी असतं. ऑपरेशन झालेल्या पेशंटला महिनाभर फोन करणं हाही कामाचा भाग: "काका, टाके कोरडे आहेत ना? लाली आली का, पाणी येतंय का?" पेशंट गावी गेल्यावर टाका पिकला आणि तो दुसऱ्याच दवाखान्यात गेला, तर पहिल्या रुग्णालयाला ते कधी कळतच नाही.

अनेक लहान रुग्णालयांत हे पद एखाद्या सिस्टरला तिच्या नेहमीच्या ड्युटीवर जादा म्हणून दिलेलं असतं. तपासणी जवळ आली की वह्या भरल्या जातात. हे चुकीचं आहे. जागतिक आरोग्य संघटना 250 खाटांमागे किमान एक पूर्णवेळ माणूस सांगते, आणि तोही किमान. जिल्ह्याच्या ठिकाणी या पदावर बसणाऱ्या व्यक्तीला दुसरं काम नसावं, आणि ऑपरेशन थांबवायचा तिचा शब्द शेवटचा असावा.

तुमचा माणूस दाखल असेल तेव्हा एक काम तुम्हीही करू शकता. लघवीची नळी आत राहिली की तिच्यात जंतू शिरण्याची शक्यता रोज तीन ते सात टक्क्यांनी वाढते. म्हणून रोज सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारा: "डॉक्टर, ही नळी आजही लागते का?" न संकोचता विचारा, आणि त्याआधी स्वतःचे हात धुऊन घ्या.